विषारी जमीन साफ होते म्हणजे नेमके काय होते?

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून बारा कंटेनरचा ताफा पोलिस बंदोबस्तात निघाला आणि सुमारे अडीचशे किलोमीटर कापून धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला पोहोचला. आत ३३७ टन घातक कचरा होता: कीटकनाशकांचे अवशेष, अर्धवट राहिलेल्या प्रक्रियांचा गाळ, रसायने मुरलेली माती. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने आदल्या महिन्यात चार आठवड्यांची मुदत घालून दिली, तेव्हा कुठे हा कचरा जागचा हलला. पिथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी अंगाला आग लावून घेण्याचा प्रयत्न केला. चाचण्या घेत घेत जूनअखेर सगळा कचरा भट्टीत जळाला. जाळताना चुना आणि इतर पदार्थ मिसळावे लागत असल्याने उरलेले अवशेष मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त, ८०० टनांच्या वर भरले. तेही आता कुठेतरी बंदिस्त करून सांभाळावे लागणार आहेत.

हे काम व्हायलाच हवे होते. पण ‘भोपाळची सफाई झाली’ असा त्याचा अर्थ कुणी काढला असेल, तर एक आकडा समोर ठेवला पाहिजे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, २०१० च्या सुमारास कारखान्याच्या आवारातील दूषित मातीचा अंदाज दिला होता. तो ११ लाख टनांचा आहे. म्हणजे जाळला गेलेला कचरा दर दहा हजार टनांमागे तीन टन भरतो. या मातीखालचे पाणी तर अजून कुठल्याच हिशेबात आलेले नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १९८४ ची वायुगळतीची ती रात्र उगवली नसती, तरी भोपाळची ही जमीन विषारीच झाली असती. वायुगळती आणि भूजलाचे प्रदूषण ही एकाच कारखान्याची दोन वेगळी कृत्ये आहेत. टाकाऊ पदार्थ आवारातच खड्ड्यांत टाकण्याची पद्धत कारखाना सुरू झाल्यापासूनची. १९७७ मध्ये रेल्वेरुळांपलीकडे बाष्पीभवनाची मोठी तळी बांधली गेली. सांडपाणी तिथे उन्हात आटेल आणि गाळ तळाशी राहील अशी कल्पना होती. तळाच्या प्लास्टिकच्या अस्तरातून गळती होत असल्याचे १९८२ च्या कंपनीच्याच पत्रव्यवहारात नमूद आहे. पुढे आसपासच्या वस्त्यांच्या हातपंपांतून क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायने आणि जड धातू सापडत गेले. सुरुवातीला मोजक्या वस्त्यांपुरता मानला गेलेला हा भाग २०१८ पर्यंत ४२ वस्त्यांवर गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे तिथे नळाचे पाणी पोहोचले, आणि माझ्या मते भोपाळच्या भूजलाच्या संदर्भात आजवर झालेले सर्वांत मोलाचे काम हेच आहे. विष काढता आले नाही, पण माणसांना त्यापासून दूर करता आले.

घातक कचऱ्याने बिघडलेली जमीन आणि पाणी पूर्ववत करण्याचा प्रयत्न जग गेली पंचेचाळीस वर्षे करते आहे. त्यातून काय हाती लागले, कुठे हात टेकावे लागले आणि आपण त्यातून काय घ्यायचे, याचा हा आढावा आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. दिसणारा कचरा हलवणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. खरे काम जमिनीखाली आहे, ते पिढ्यानुपिढ्या चालते, आणि त्यासाठी यंत्रापेक्षा जास्त गरज असते ती कायम जबाबदार राहणाऱ्या संस्थेची.

जमिनीत सांडलेले प्रत्येक रसायन वेगळे वागते. पेट्रोल, डिझेल, बेन्झीन पाण्याहून हलके. ती भूजलाच्या पातळीवर तरंगतात, त्यामुळे निदान शोधता येतात. शिसे, क्रोमियम, पारा यांसारखे धातू मातीच्या कणांना चिकटतात, पण पाण्याची आम्लता बदलली किंवा प्राणवायू कमी-जास्त झाला की पुन्हा सुटतात. यांतला षट्संयुजी क्रोमियम पाण्याबरोबर सहज वाहतो आणि जास्त विषारी असतो. तोच त्रिसंयुजी रूपात गेला की बहुतांशी जागच्या जागी बसतो. सगळ्यांत अवघड असतात क्लोरीनयुक्त द्रावके. धातूच्या सुट्या भागांवरचे ग्रीस काढायला वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीन आणि ड्रायक्लीनिंगचे परक्लोरोएथिलीन ही त्यांतली दोन ठळक नावे. ही द्रावके पाण्याहून जड. भूजलाच्या पातळीशी ती थांबत नाहीत, पाण्यातून खाली उतरत राहतात. चिकणमातीचा थर लागला की त्याच्या उतारावरून पसरतात, भेग सापडली की तिच्यात शिरतात. हे वागणे जर्मनीतील भूजलशास्त्रज्ञ फ्रीडरिख श्विल्ले यांनी प्रयोगशाळेत वाळूत द्रावके सोडून दाखवून दिले, तोवर शोध घेणारे लोक चुकीच्या खोलीवर बोअर पाडत होते.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीनची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर ट्रायक्लोरोएथिलीनचे वजन सुमारे १.४६ किलो. एवढ्याने २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत बिघडू शकते. दहा हजार लिटरचे २९ हजार टँकर. कारखान्यामागे ओतलेला एखादा पिंप दोनशे लिटरचा असतो.

दूषित पाणी उपसा, शुद्ध करा आणि सोडून द्या, हा पहिला उपाय कुणालाही सुचेल. १९८० च्या दशकात अमेरिकेत शेकडो ठिकाणी हेच झाले. विहिरी खणल्या, पंप बसवले, पाणी हवेच्या झोतातून किंवा सक्रिय कोळशातून काढले. पहिली काही वर्षे आलेख झपाट्याने खाली यायचा. मग तो मर्यादेच्या बराच वर एका पातळीवर येऊन अडकायचा. समाधानाने पंप बंद करावेत, तर प्रमाण पुन्हा वर. रॉकेल साठवलेला माठ कितीही खळखळून धुवा, दुसऱ्या दिवशी पाण्याला वास येतोच, कारण रॉकेल माठाच्या अंगात मुरलेले असते. जमिनीतही तेच होते. वर्षानुवर्षे विषारी पाणी शेजारून वाहत असताना ते चिकणमातीच्या थरांत, खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरते. बाहेरचे पाणी स्वच्छ केले की आतले विष तितक्याच संथपणे बाहेर येऊ लागते. मुरायला तीस वर्षे लागली असतील, तर निघायला त्याहून जास्त लागतात.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने अशा ७७ ठिकाणांचा ताळेबंद मांडला. ठरवलेली पातळी गाठल्याचे सांगितले गेले ते फक्त ८ ठिकाणी. याच संस्थेच्या २०१३ च्या अहवालात आणखी स्पष्ट कबुली आहे: अमेरिकेत निदान १ लाख २६ हजार ठिकाणी भूजलात प्रदूषण शिल्लक आहे, त्यांतल्या सुमारे १२ हजार ठिकाणी येत्या ५० ते १०० वर्षांत पाणी पिण्यायोग्य होण्याची शक्यता फारशी नाही, आणि उरलेल्या कामाचा खर्च ११० ते १२७ अब्ज डॉलरच्या घरात जाईल. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाने, सर्वांत कडक कायदा हाताशी असताना, तीस वर्षांच्या कामानंतर लिहिलेले हे वाक्य आहे. आपल्याकडे ‘शास्त्रोक्त विल्हेवाट’ हा शब्दप्रयोग सरकारी पत्रकांत जितक्या सहजपणे येतो, तितक्या सहजपणे तो यापुढे येऊ नये असे हा अहवाल वाचल्यावर वाटते.

मग सरळ खणून काढले तर? तेही करून झाले आहे. स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्सच्या सीमेजवळ बोनफोल हे गाव आहे. बाझलच्या रासायनिक कंपन्यांनी १९६१ ते १९७६ या काळात तिथल्या मातीच्या खाणीत १ लाख १४ हजार टन कचरा पुरला. चिकणमाती आहे, पाणी झिरपणार नाही, असा त्या वेळचा समज. पाणी झिरपले. शेवटी २०१० मध्ये हवाबंद शेड उभारून, दूरनियंत्रित क्रेनने तो उकरायला सुरुवात झाली. पहिल्याच वर्षी स्फोट झाला, एक कामगार जखमी झाला, काम महिनोन्‌महिने थांबले. २०१६ पर्यंत कचरा काढून मुख्यतः जर्मनीतल्या भट्ट्यांत जाळला गेला. खर्च सुमारे ३८ कोटी स्विस फ्रँक, आणि तो कंपन्यांनी दिला. एका गावच्या एका खाणीसाठी. उकरणे हा उपाय खात्रीचा आहे, पण कचरा एकाच जागी गोळा झालेला, खोली बेताची आणि पैसे देणारा समोर उभा असेल तेव्हाच तो परवडतो. भोपाळच्या ११ लाख टनांना तो लागू होत नाही.

उलट टोकाचा मार्ग म्हणजे विष जागीच कोंडून ठेवणे. ज्या जागेमुळे जगाला हा प्रश्न पहिल्यांदा ठळकपणे दिसला, त्या न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनालमध्ये हेच केले गेले. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ दरम्यान एका अर्धवट कालव्यात सुमारे २१ हजार टन रसायने पुरली आणि ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला विकली. तिथे शाळा झाली, घरे झाली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तळघरांत काळे पाणी पाझरू लागले. लोइस गिब्ज या गृहिणीने शेजाऱ्यांना संघटित केले, आणि ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली. शेकडो कुटुंबे हलवली गेली. कचरा मात्र तिथेच आहे. वर चिकणमातीचे जाड आवरण, कडेने झिरपणारे पाणी गोळा करणारे नळ, ते शुद्ध करणारे केंद्र आणि भोवती कुंपण. २००४ मध्ये ही जागा सफाईच्या प्राधान्याच्या राष्ट्रीय यादीतून वगळण्यात आली, तरी झिरप उपसणे आणि पाण्याचे नमुने घेणे चालूच राहिले. यादीतून नाव निघते, काम संपत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये गेल्या तीन दशकांतले खरे विज्ञान घडले आहे आणि ते मनापासून आवडावे असे आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात भूजलाचे नमुने घेण्याची साधने तपासताना धातूच्या संपर्कात क्लोरीनयुक्त रसायने कमी होतात असे आढळले. नमुन्यातली ही त्रुटी रॉबर्ट गिलहॅम यांनी उपाय म्हणून उलटी फिरवली. लोखंडाचा कीस वाळूत मिसळून तो जमिनीत भिंतीसारखा, पाण्याच्या वाटेत आडवा पुरायचा. पाणी आपल्या गतीने त्यातून जाईल, लोखंड गंजेल आणि गंजता गंजता द्रावकाचे क्लोरीन अणू काढून घेईल. १९९१ मध्ये ऑन्टारिओतल्या बॉर्डन लष्करी तळावर केलेल्या चाचणीत ट्रायक्लोरोएथिलीन सुमारे ९० टक्क्यांनी घटले. पंप नाही, वीज नाही. अशा भिंती पुढे जगभर उभ्या राहिल्या. त्यांची मर्यादाही तशीच उघड आहे. भिंत वाहत येणारे पाणी शुद्ध करते, उगम तसाच राहतो. आणि पाणी नक्की कुठून वाहते हे माहीत नसेल तर भिंत चुकीच्या जागी उभी राहते.

दुसरी गोष्ट जिवाणूंची. जमिनीतले काही जिवाणू परक्लोरोएथिलीनचा एकेक क्लोरीन काढतात, पण बहुतेक वेळा काम अर्ध्यावर थांबते आणि मधल्या टप्प्यावर व्हिनाइल क्लोराइड साचते. ते मूळ रसायनाहून वाईट, कारण ते कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेले आहे. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी शेवटपर्यंत काम नेणारा जिवाणू वेगळा काढला. त्याचे मूळ अमेरिकेतल्या इथाका गावच्या सांडपाणी केंद्रातल्या गाळात होते. डीहॅलोकोकॉइड्स हे त्याचे नाव. शेवटी उरते निरुपद्रवी इथिलीन. आता हे जिवाणू वाढवून बोअरमधून सोडले जातात आणि त्यांना खाद्य म्हणून वनस्पती तेल, दुग्धाम्ल किंवा साखर कारखान्यातली मळी दिली जाते. मळीने जमिनीतला प्राणवायू संपतो आणि षट्संयुजी क्रोमियमही त्रिसंयुजी होऊन बसतो. डिस्टिलरीचे मळीयुक्त पाणी विहिरींत उतरल्याने गावेच्या गावे हैराण झालेली महाराष्ट्राने पाहिली आहेत. तीच मळी मोजून, योग्य थरात, देखरेखीखाली दिली तर औषध ठरते. पदार्थ एकच, फरक मोजमापाचा.

उगमावर थेट घाव घालणाऱ्या पद्धतीही आहेत. परमँगनेटसारखी ऑक्सिडीकारके जमिनीत सोडणे, विजेच्या दांड्यांनी माती शंभर अंशांपर्यंत तापवून द्रावकांची वाफ ओढून घेणे, सिमेंट मिसळून माती घट्ट करणे. त्या महाग आहेत, पण छोट्या आणि नेमक्या जागी फार उपयोगी पडतात. झाडांकडून विष शोषून घेण्याबद्दल आपल्याकडे उत्साहाने लिहिले जाते. आर्सेनिक शोषणारे एक नेचे २००१ मध्ये सापडले, तो शोध खराच मोठा होता. पण मुळे जेवढी खोल जातात तेवढ्यावरच त्यांचा इलाज चालतो, वर्षे लागतात, आणि कापलेली झाडे पुन्हा घातक कचराच असतात. फॅक्टरीच्या कुंपणाशी चार रोपे लावून सफाई झाल्याचे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

काही ठिकाणी वाट पाहणेही शास्त्रशुद्ध असते. मिनेसोटातल्या बेमिजीजवळ १९७९ मध्ये पाइपलाइन फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. बरेचसे काढले गेले, उरलेले अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९८३ पासून अभ्यासासाठी मोजत ठेवले. दिसले ते असे की जमिनीतले जिवाणू बेन्झीनसारखी रसायने खात राहतात आणि दूषित पाण्याचा पट्टा ठरावीक अंतराच्या पुढे फारसा सरकत नाही. तेल मात्र दशके उलटली तरी तिथे आहे. म्हणजे वाट पाहायचीच असेल तर दरवर्षी मोजत पाहायची. नुसते वाट पाहणे आणि दुर्लक्ष करणे यांतला फरक या मोजण्यात आहे.

आता प्रश्न येतो किती साफ करायचे याचा, आणि तिथे रसायनशास्त्र संपून राजकारण सुरू होते. १९८० मध्ये नेदरलँड्समधल्या लेक्करकेर्क गावात नव्या वसाहतीखाली रसायनांचे पिंप सापडले. शेकडो कुटुंबे हलवून माती उपसली गेली. देश हादरला आणि प्रत्येक जमीन कुठल्याही उपयोगासाठी योग्य होईल इतकी साफ करायची असे धोरण ठरले. सुरुवातीला काही शे वाटलेल्या जागा यादी करता करता लाखांच्या घरात गेल्या. १९९७ नंतर डच सरकारने धोरण बदलले: बालवाडी असेल तर एक निकष, गोदाम असेल तर दुसरा. त्यामुळे कामे पुढे सरकली. हा बदल मला व्यवहार्य वाटतो, पण तो तिथे जमला याचे कारण जमिनीच्या नोंदी चोख होत्या. आपल्याकडे आजचे गोदाम उद्या गृहसंकुल होते आणि खाली काय पुरले आहे हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते.

कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याबाबत हाच वाद झाला. हिंदुस्तान युनिलिव्हरचा हा कारखाना २००१ मध्ये बंद पडला, तेव्हा पाऱ्याने दूषित काचा भंगारवाल्याकडे सापडल्या होत्या. मातीत किलोला २० मिलिग्रॅम पारा राहिला तरी चालेल असे ठरले. स्थानिक कार्यकर्त्यांचा त्याला ठाम विरोध राहिला, कारण कारखाना पांबार शोला या जंगलाच्या माथ्यावर आहे आणि तिथले पाणी खाली मैदानात उतरते. निवासी जमिनीचा निकष जंगलाच्या माथ्याला लावायचा का, हा त्यांचा प्रश्न. तो रास्त आहे. निकष ठरवताना खालच्या गावांना विचारले जायला हवे होते.

पैसे कुणी द्यायचे, याचे सर्वांत धाडसी उत्तर अमेरिकेने डिसेंबर १९८० च्या सुपरफंड कायद्याने दिले. प्रदूषण करणारा, जागेचा मालक, कचरा वाहून नेणारा, सगळे जबाबदार. कृत्य कायद्याच्या आधीचे असले तरी. आणि एक जण सापडला तरी पूर्ण खर्च त्याच्याकडून. बेवारस जागांसाठी तेल आणि रसायन उद्योगांवर कर बसवून निधी उभारला. हा कर १९९५ अखेर संपू दिला गेला आणि कामे रेंगाळली. २०२१ आणि २०२२ च्या कायद्यांनी तो परत आला. बेवारस जागांना असा स्वतःचा झरा नसेल तर त्या दर अर्थसंकल्पात रांगेच्या शेवटी जातात.

भारतात ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व ठामपणे आले ते राजस्थानातल्या बिछडीच्या निकालातून. उदयपूरजवळच्या या गावात एच-अ‍ॅसिड हे रसायन बनवणाऱ्या कारखान्यांचा गाळ उघड्यावर टाकला गेला आणि १९८९ च्या सुमारास विहिरींचे पाणी गडद तांबडे झाले. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना जबाबदार धरले. नीरीच्या अभ्यासाच्या आधारे खर्च ३७.३८५ कोटी रुपये धरला गेला. कंपन्या अर्जांवर अर्ज करत राहिल्या. २०११ मध्ये न्यायालयाने चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश देऊन त्यांना दहा लाखांचा दंडही केला. निकाल थोर आहे, आजही कायद्याचे विद्यार्थी तो अभ्यासतात. पण निकालापासून त्या आदेशापर्यंत पंधरा वर्षे विहिरी तशाच होत्या. भोपाळमध्ये तर जबाबदार कोण हेच ठरले नाही. १९८९ ची ४७ कोटी डॉलरची तडजोड वायुगळतीची होती. भारतीय कंपनीचे शेअर १९९४ मध्ये विकले गेले, जमीन १९९८ मध्ये राज्य सरकारकडे परत आली, मूळ कंपनी २००१ मध्ये डाऊने घेतली, आणि पाण्याबाबतचे दावे अमेरिकी न्यायालयांनी फेटाळले. मालकी जितक्या वेळा बदलली, तितक्या वेळा मातीतले विष मागे राहिले.

या पार्श्वभूमीवर जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रथमच अधिसूचित केले. त्या वेळी देशात अशा १०३ जागा निश्चित झाल्या होत्या आणि त्यांतल्या फक्त ७ ठिकाणी सफाई सुरू होती. आता जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या ९० दिवसांत सविस्तर, मग तज्ज्ञ संस्थेने योजना करायची आणि जबाबदाराकडून खर्च वसूल करायचा. जबाबदार सापडला नाही वा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्याने तो उचलायचा. तपासणीच्या मुदती आहेत, हे चांगले. प्रत्यक्ष सफाई कधी संपवायची याची मुदत नाही. खाणकाम, किरणोत्सारी कचरा आणि घनकचऱ्याचे डेपो यांना हे नियम लागू होत नाहीत. आणि योजना पूर्ण झाल्यावर पुढची वीस-तीस वर्षे नमुने कोण घेणार, त्या खर्चाचा झरा कुठला, हे अजून धूसर आहे. वर सांगितलेला सगळा जागतिक अनुभव नेमका याच वर्षांबद्दल बोलतो.

महाराष्ट्राला यात एक खास अडचण आहे. अमेरिका, कॅनडा, नेदरलँड्समधल्या बहुतेक पद्धती वाळू आणि गाळाच्या थरांसाठी घडल्या. आपल्या राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणावर आहे. इथे पाणी वरच्या मुरमात आणि खालच्या भेगा-सांध्यांत फिरते. एका विहिरीत रंगीत पाणी आणि शंभर पावलांवरच्या दुसरीत स्वच्छ, असे होऊ शकते. विषाची वाट शोधणेच इथे मुख्य खर्चाचे काम ठरते. त्यातच आपल्या बोअरना वरच्या मुरमापुरते केसिंग असते. खाली उघड्या बोअरमधून वरच्या थरातले दूषित पाणी खालच्या थरात सरळ उतरते. औद्योगिक वसाहतीलगतचे बंद पडलेले बोअर सिमेंटने भरून टाकणे हा मला सुचणारा सर्वांत स्वस्त उपाय आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ आणि डोंबिवली ७८.४१ गुणांसह गंभीर प्रदूषित ठरले होते. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची अधिकृत केंद्रे झाल्याने नव्या कचऱ्याला जागा आहे. पण ती होण्याआधीच्या दशकांत कुठे काय पुरले गेले, ते शोधण्याचे काम उरलेच आहे. भूजलाच्या नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, लोह पाहिले जाते. ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रावके त्या यादीत सहसा नसतातच, त्यामुळे ‘आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ बऱ्याचदा ‘पाहिले नाही’ असा असतो.

कोकणातले एक उदाहरण या सगळ्याला आजचे वळण देते. त्याची सुरुवात मात्र इटलीत आहे. इटलीच्या व्हेनेतो प्रांतात त्रिस्सिनो इथे मितेनी नावाचा कारखाना पीफास रसायने बनवत असे. न चिकटणारी भांडी, पाणी न धरणारे कापड यांसाठीची ही रसायने निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत; जिवाणूही त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरतात. २०१३ मध्ये संशोधकांनी नमुने घेतले, तेव्हा सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा स्रोत बिघडल्याचे उघड झाले. कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. जून २०२५ मध्ये व्हिचेंझाच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. कारखान्याखालचे पाणी अजून उपसावे लागते आणि गावांचे पाणी कोळशाच्या गाळण्यांतून काढावे लागते. त्या कारखान्याची यंत्रसामग्री २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका कंपनीने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुराम वसाहतीत आली. तिथे प्रदूषण झाले आहे असे मी म्हणत नाही. पण आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात पीफाससाठी मर्यादाच नाही, आणि अमेरिकेने २०२४ मध्ये यांतल्या दोन प्रमुख रसायनांसाठी घातलेली मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम आहे. ती मोजायला खास प्रयोगशाळा लागते.

म्हणून लोटेच्या आसपासच्या गावांतल्या विहिरी, बोअर, वाशिष्ठी आणि दाभोळची खाडी यांचे पीफाससाठीचे नमुने आत्ताच घेतले पाहिजेत, दर पावसाळ्याआधी आणि नंतर. उत्पादन सुरुवातीच्या वर्षांत असताना घेतलेली नोंद ही पुढे काही झालेच तर कधी, किती आणि कुणामुळे याचा एकमेव भक्कम पुरावा असते.  नव्या नियमांनुसार रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांना सहामाही अहवाल द्यायचाच आहे. नमुन्यांचे आकडे, तारीख आणि विहिरीच्या नावासकट, त्या अहवालाला जोडून खेड आणि चिपळूणच्या तहसील कचेऱ्यांत आणि संबंधित ग्रामपंचायतींत मराठीत लावावेत. खर्च एखाद्या कंटेनरच्या पोलिस बंदोबस्ताइतकाही येणार नाही.